खड्ड्याचा रकाना

डिस्पॅचच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक नुकसानीला रकाना असतो. माल कमी गेला, भिजला, चुकीच्या गाडीत चढला, हमालाच्या हातून निसटला, उशिरा पोचला, सगळ्याला. रस्त्याला रकाना नाही. त्यामुळे जून ते ऑक्टोबरमध्ये फुटून परत येणाऱ्या मालाचा ढीग वाढला की कारणाच्या जागी ‘हाताळणीत हलगर्जी’ असं लिहून सगळे मोकळे होतात. हाताळणी म्हणजे आमचे हमाल. त्यांनी पेटी उचलून गाडीत ठेवली, एवढाच त्यांचा संबंध. पुढचे चार-पाच किलोमीटर ती पेटी हाताळली ती रस्त्याने, आणि रस्त्याच्या नावाने डेबिट नोट काढता येत नाही.

भिवंडीजवळच्या वळ गावात एका गोदामात गाड्या भरून बाहेर काढणं हे माझं काम. वळचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण इथून गेलेली एखादी वस्तू तुमच्या घरात बहुतेक असेल. एका अंगाला मुंबई-नाशिक महामार्गावरचा मानकोली नाका, दुसऱ्या अंगाला अंजूरफाटा, आजूबाजूला दापोडा, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, कशेळी. ही सगळी मूळची भातशेतीची, आगरी वस्तीची गावं. मुंबईच्या इतक्या जवळ, तरी महापालिकेच्या हद्दीबाहेर. मुंबईत माल शिरला की जकात लागे, म्हणून व्यापारी तो जकातनाक्याच्या अलीकडे साठवू लागले. ग्रामपंचायत हद्दीत जमीन स्वस्त होती आणि विचारणारं कोणी नव्हतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. तेव्हा आमच्या धंद्यातले जाणते म्हणत होते, आता भिवंडीची गोदामं ओस पडणार. झालं उलटंच. कंपन्यांनी ठिकठिकाणची लहान गोदामं बंद करून एकेक मोठं गोदाम घेतलं, मागोमाग ऑनलाइन खरेदीवाले आले, आणि शेतं भराव घालून शेडखाली गेली. रस्ता मात्र त्या मानाने वाढला नाही. बैलगाडी आणि एसटीच्या रुंदीच्या वाटेवर आता चौदा चाकी गाड्या समोरासमोर येतात.

खड्डा पडला की लोक पावसाला शिव्या देतात. मला ते पटत नाही. पाऊस चेरापुंजीलाही पडतो. आमच्याकडे पाण्याचं वेगळंच आहे, आणि ते समजायला गोदामाचा ओटा बघावा लागतो. गाडीचा फाळका आणि गोदामाची फरशी एका पातळीला यावी म्हणून ओटा जमिनीपासून साधारण चार फूट उंच बांधतात. त्यासाठी आधी सगळ्या प्लॉटवर भराव. एका बाजूने भराव, दुसऱ्या बाजूने भराव, मधला रस्ता आपोआप खाली. त्यात पूर्वी शेतांच्या बांधाबांधाने खाडीकडे जाणारे ओहोळ त्याच भरावात गेले. मग पाणी जाणार कुठे?

एकदा पावसात गाडी अडकली होती तेव्हा रिकामपणी मी हिशोब मांडला. एक लाख चौरस फुटांचं पत्र्याचं छत घ्या. वळच्या मानाने हे फार मोठं नाही. दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि जुलैत आमच्याकडे तो सहज होतो, तर त्या एका छतावरून सुमारे सव्वानऊ लाख लिटर पाणी खाली येतं. दहा हजार लिटरचे नव्वदहून जास्त टँकर झाले. आणि अशी छतं एकाला एक लागून उभी आहेत. हे सगळं पन्हाळीतून कंपाउंडमध्ये, कंपाउंडमधून गेटबाहेर. गटार असलं तरी त्यात थर्मोकोल, पॅकिंगच्या पट्ट्या आणि चहाचे कप. म्हणून आमच्याकडे रस्ता हेच गटार, आणि त्या गटारातून रात्रंदिवस ट्रक चालतात.

डांबराला पाण्याचं वावडं आहे, हे मला शिकवलं आमच्या कंपाउंडचं बांधकाम बघणाऱ्या एका मिस्त्रीकाकांनी. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी रस्त्याच्या कामावर काढली. ते म्हणायचे, “भाऊ, डांबर वरून फाटत नाही, खालून सडतं.” भेगेतून पाणी आत जातं, खडीवरचं डांबर सुटतं, खालचा मुरूम मऊ होतो. वरून जड चाक गेलं की ते कोंडलेलं पाणी दाबाने उसळतं आणि बारीक माती घेऊन बाहेर येतं. आत पोकळी, वर पातळ पापुद्रा. मग एक दिवस तो पापुद्रा खचतो आणि लोक म्हणतात, रात्रीत खड्डा पडला. रात्रीत काही झालेलं नसतं. महिनाभर चाललेलं काम त्या रात्री उघड्यावर येतं.

त्यावर आमचं वजन. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ट्रकची वजनमर्यादा वाढवली. दोन आसांच्या ट्रकचं भरल्या गाडीसह वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झालं, चार टायरच्या एका आसाचं १०.२ वरून ११.५. आमच्या मालकांना आनंद झाला, मलाही झाला, फेऱ्या कमी लागणार म्हणून. रस्त्याचं गणित मात्र वेगळं असतं. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमध्ये चाचणीसाठी खास बांधलेल्या रस्त्यांवर सतत ट्रक फिरवून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की आसावरचं वजन वाढतं त्याच्या साधारण चौथ्या घाताने रस्त्याची झीज वाढते. म्हणजे १०.२ चे ११.५ टन झाले तर वजन वाढलं जेमतेम तेरा टक्के, झीज साठ टक्क्यांच्या वर. हा हिशोब कायदेशीर वजनाचा. मर्यादेबाहेर भरून जाणाऱ्या गाड्यांबद्दल मी, नोकरी टिकवायची असल्याने, इथे काही लिहीत नाही.

आता दुरुस्ती. ती मी गेटवरच्या केबिनमधून रात्रपाळीत पुष्कळदा बघितली आहे. रात्री बारानंतर एक टेम्पो येतो. मागे खडी-डांबराचा ढीग, त्यावर ताडपत्री असेल तर असेल. चार-पाच माणसं, दोन फावडी, घमेली. खड्ड्यात पाणी असलं तर एक जण ते फावड्याने उडवतो. मग घमेल्याने माल टाकायचा, फावड्याच्या पाठीने थापायचा, पुढच्या खड्ड्याकडे जायचं. रोलर नाही. रोलरचं काम आमच्या गाड्यांनी करायचं असतं. डांबर नसलं तर पेव्हर ब्लॉक, तेही नसले तर कुठल्या तरी पाडलेल्या इमारतीचं डेब्रिज. त्या माणसांवर माझा राग नाही. एकाला चहा देताना विचारलं तर म्हणाला, मुकादमाने रात्रीत इतके खड्डे दाखवायला सांगितलेत. दाखवायला, हा त्याचाच शब्द.

मिस्त्रीकाकांच्या तोंडून खरी पद्धत ऐकली की वाटतं हे वेगळ्याच देशाचं बोलतायत. खड्ड्याची कड आधी चौकोनी कापायची, उभी, सैल झालेलं सगळं काढून टाकायचं. आत कोरडं आणि स्वच्छ. मग बुडाला आणि कडांना पातळ डांबराचा हात, त्याला टॅक कोट म्हणतात. खोल असेल तर थराथराने भरायचं, प्रत्येक थर दाबायचा. मिश्रण प्लांटमधून निघताना दीडशे अंशांच्या आसपास गरम असतं. ते नव्वदच्या खाली उतरायच्या आत दाबून संपलं पाहिजे, नाहीतर ते खडीचा ढिगारा होतं. आता विचार करा, तो टेम्पो प्लांटवरून निघून आमच्याच वाहतूककोंडीत दोन तास उभा राहतो. खड्ड्यांमुळे कोंडी, कोंडीमुळे थंड डांबर, थंड डांबरामुळे पुन्हा खड्डा. भर पावसात तर गरम डांबराचं कामच करायचं नसतं. त्यासाठी थंड मिश्रण वेगळं मिळतं, त्याचे नियम इंडियन रोड्स काँग्रेसने छापून ठेवले आहेत. आमच्याकडे चाललेलं काम म्हणजे फाटलेल्या गोणीला भिजल्यावर चिकटपट्टी लावणं. चार दिवसांत खडी उधळते आणि कोरड्या उन्हात तीच खडी मोटारसायकलच्या चाकाखाली गोट्यांसारखी फिरते.

शहरातल्या माणसाला खड्डा म्हणजे कंबरदुखी आणि उशीर. आमच्याकडे उशिराचा गुणाकार होतो. ठाण्यातून अवजड गाड्यांना गर्दीच्या वेळी बंदी; दुपारचे काही तास आणि रात्र, एवढीच खिडकी. आमच्याकडून मुंबईला जायच्या वाटा दोन: मानकोलीहून खारेगाव-माजिवडा, नाहीतर काल्हेर-कशेळीवरून बाळकूम. दुसऱ्या वाटेवर ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ च्या खांबांनी वर्षानुवर्षं जागा अडवली. सकाळी भरलेली गाडी दुपारच्या खिडकीच्या हिशोबाने काढायची. गेटपासून नाक्यापर्यंतचं अंतर वीस मिनिटांचं, खड्ड्यांनी ते दीड तासाचं झालं आणि खिडकी दहा मिनिटांनी हुकली, तर गाडी दहा मिनिटं नाही, रात्रीपर्यंत उशिरा होते. तिकडे दुकानदार शटर ओढून घरी गेलेला. माल उतरणार दुसऱ्या दिवशी. दिवसाला दोन फेऱ्या मारणारी गाडी एका फेरीवर येते.

आमच्याकडे एक आष्टीकडचे ड्रायव्हर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांचा भत्ता फेरीवर. दोन फेऱ्यांची एक झाली तर भत्ता अर्धा. गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला तर गॅरेजचा दिवस त्यांच्या अंगावर, कारण मालक म्हणणार, गाडी बघून का चालवली नाही. एका पावसाळ्यात मागचा मेन पाटा तुटून आल्यावर मी त्यांना तेच बोललो, जरा बघून चालवा म्हणून. मामा शांतपणे म्हणाले, “पाण्यात काय बघू भाऊ? म्होरल्या गाडीचं चाक किती खाली जातंय तेवढंच बघतो.” खरंच आहे. आमचे ड्रायव्हर पावसात रस्ता बघत नाहीत, पुढच्या गाडीचे टायर बघतात. पुढची गाडी नसेल तर थांबतात आणि दुसऱ्या कोणाला पुढे जाऊ देतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ट्रकवाले उगाच अडवून बसलेत.

कागदोपत्री सगळा देश वेगाने धावतोय. १ जानेवारी २०२१ पासून ई-वे बिलाची मुदत १०० ऐवजी २०० किलोमीटरला एक दिवस अशी झाली. गाड्या आता दुप्पट अंतर कापतात असं गृहीत धरलं गेलं. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. आमणे आमच्याच भिवंडी तालुक्यात. नागपूरहून ७०१ किलोमीटर आठ तासांत, असं सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही. विदर्भातून येणारा ड्रायव्हर खुशीत फोन करतो, आमण्याला उतरलो म्हणून. त्यानंतर मी मुकादमाला हमाल बोलवायला सांगत नाही. आधी त्याला वळच्या गेटवर येऊ दे.

फुटका माल परत येतो त्याचीही एक गंमत आहे. विम्याचा सर्व्हेअर येतो, पेटी उघडतो, फोटो काढतो आणि विचारतो, पॅकिंग कमी होतं का? आमच्या एका पार्टीने मग पॅकिंग वाढवलं. कोपऱ्यांना जाड पुठ्ठे, दुप्पट थर्मोकोल, वर प्लॅस्टिकचे वेढे. हा खर्च वस्तूच्या किमतीत जातो. म्हणजे नांदेडला बसून मिक्सर विकत घेणारा माणूस वळच्या रस्त्याचे पैसे भरतो, आणि त्याला ते कळतही नाही. शिवाय ते थर्मोकोल शेवटी गटारात जातं ते वेगळंच.

पण ट्रकचा पाटा तुटतो, माल फुटतो, यावर अजून जगता येतं. खरा धोका दुचाकीवाल्यांना आणि पायी चालणाऱ्यांना. आमच्याकडे पॅकिंगला येणाऱ्या बायका भिवंडी शहरातून शेअर रिक्षाने येतात. एका ताईंना सातवा महिना लागल्यावर त्यांनी रिक्षा सोडली, अंजूरफाट्याकडून चालत येऊ लागल्या; ट्रकच्या कडेने, गुडघाभर पाण्यातून. मी म्हटलं, रिक्षात निदान पडायची भीती नाही. म्हणाल्या, “पडले तर एकदा पडेन, रिक्षात रोज आदळते.” त्यावर मला काही बोलता आलं नाही. गावातली पोरं मोठ्या खड्ड्यात झाडाची फांदी खोचतात, कधी मोडकी खुर्ची, कधी जुना टायर. परिसरातली सगळ्यात प्रामाणिक रस्ता-सुरक्षा यंत्रणा तीच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्याच आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात देशात खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत १,८५६ माणसं गेली.

गावकऱ्यांकडे बोट दाखवणं सोपं आहे, आणि गोदामवाले ते दाखवतात: जमिनी यांनीच दिल्या, भाडी हेच खातात. एका आगरी आजोबांना मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, भाडं घेतो ते शेडचं, रस्त्यावरचा टॅक्स तुमच्या गाड्या भरतात, तो कुठे जातो ते तुम्हीच विचारा. बिनतोड होतं.

विचारायला गेलो तर मात्र दारं पुष्कळ. गावची हद्द ग्रामपंचायतीची. काही रस्ते जिल्हा परिषदेचे, काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे. भिवंडीभोवतीच्या ६० गावांसाठी २००७ पासून नियोजन प्राधिकरण एमएमआरडीए. महामार्गाचा कारभार वेगळा, मेट्रोखालच्या पट्ट्याचा वेगळा, अंजूरफाट्यापलीकडे शहर लागलं की भिवंडी-निजामपूर महापालिका. आम्ही काही गोदामवाल्यांनी मिळून एका खड्ड्याबद्दल अर्ज केला. एका कार्यालयाने सांगितलं, तो भाग दुसऱ्यांकडे वर्ग झाला. दुसऱ्यांनी सांगितलं, ठेकेदाराची दोषदायित्वाची मुदत चालू आहे, तो करेल. ठेकेदाराच्या माणसाने सांगितलं, मुदत संपली. तिघांच्याही म्हणण्याला त्यांच्याजवळ कागद होता. शेवटी आम्हीच वर्गणी काढून खडी टाकली, तर एका सद्गृहस्थाने विचारलं, परवानगी घेतली का?

दादाराव बिल्होरे यांचं नाव मुंबईत बऱ्याच जणांना माहीत आहे. २८ जुलै २०१५ ला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरच्या खड्ड्याने त्यांचा मुलगा प्रकाश नेला. तेव्हापासून हा भाजीविक्रेता स्वतःच्या हाताने मुंबईतले खड्डे बुजवत आला आहे; लोक त्यांना ‘पॉटहोल दादा’ म्हणतात. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण त्यांच्या कौतुकाच्या बातम्या वाचताना चीडही येते. मूल गमावलेल्या बापाने घमेलं उचलावं आणि आपण टाळ्या वाजवाव्यात, हे काही बरं लक्षण नाही.

मुंबई उच्च न्यायालयात खड्ड्यांची जनहित याचिका २०१३ पासून चालू आहे. तिच्यात १३ ऑक्टोबर २०२५ ला न्यायालयाने एक ठोस गोष्ट केली: खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख रुपये, जखमीला दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख भरपाई, आणि ती रक्कम जबाबदार ठेकेदार-अधिकाऱ्यांकडून वसूल करायची. पहिल्यांदाच खड्ड्याची किंमत बुजवणाऱ्याच्या खात्यात टाकायची सोय झाली. आतापर्यंत ती वरून खाली उतरत यायची, कंपनीकडून ट्रान्सपोर्टरकडे, ट्रान्सपोर्टरकडून ड्रायव्हरकडे, हमालाकडे, आणि जो सगळ्यात खाली त्याच्या पगारात जिरायची. ज्याला ती लागत नाही, तो रोलर कशाला आणेल?

पण भरपाई मागायची तर पुरावा लागतो, आणि अपघाताच्या रात्री तो कोणाकडे नसतो. वळ-दापोड्याच्या माझ्या बरोबरीच्या डिस्पॅचवाल्यांना, ट्रान्सपोर्टरांना म्हणून एवढंच सांगणं आहे. पाटा तुटला, टायर कापला, माल फुटला की जागा, तारीख, वेळ आणि खड्ड्याचा फोटो गाडीच्या कागदांना जोडा. कोणी पडलं तर पोलिसांच्या नोंदीत खड्ड्याचा उल्लेख येतोय का, ते तिथेच उभं राहून वाचून घ्या. ड्रायव्हरला हे करायला वेळही नसतो आणि धीरही. ते मालकांनी करायचं आहे. आणि अर्ज जुलैत करू नका, तेव्हा फक्त टेम्पो आणि घमेली येतात. हा रस्ता कोणाचा, ठेकेदाराची मुदत कधीपर्यंत, गेटसमोरच्या गटाराला उतार कुठल्या दिशेने, हे तीन प्रश्न जानेवारीत लेखी विचारा. डांबराचं काम मे अखेरीस संपावं लागतं आणि त्याची निविदा त्याच्या कितीतरी आधी निघते.